रंगाच्या पाण्यासाठी चुंबकी लॅकेज: लक्ष्मीपुरीतल्या दुकानात चार महिने

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं डाईंगचं दुकान आहे. मॅचिंग दुपट्टे, सिल्कच्या जुन्या साड्यांना नवा रंग, लग्नसराईत फेट्यांचं कापड, असली कामं. आण्णांनी दोन पातेली आणि एका स्टोव्हवर सुरू केलं, आता मी बघते. सीझनला दिवसाकाठी दोनशे लिटरच्या आसपास रंगाचं पाणी आमच्या मोरीतून जातं. मोरीचं गटाराला, गटाराचं जयंती नाल्याला, नाल्याचं पंचगंगेला. लहानपणी शाळेतून येताना मागचं गटार बघून मी ओळखायची, आज दुकानात कुठला रंग लागलाय. तेव्हा मजा वाटायची. आता तेरवाड बंधाऱ्यावरच्या मेलेल्या माशांचे फोटो पेपरात आले की घास घशाखाली उतरत नाही. तिथपर्यंत पोचणाऱ्या घाणीत आमचं पाणी किती, कुणी मोजलेलं नाही. पण आहे एवढं मला माहीत आहे, आणि मला तेवढं पुरतं.

या पाण्यातला रंग तोडण्यासाठी चार महिने मी जी बाटली वापरली तिच्याबद्दल लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझा अनुभव एका बाटलीचा, खरं तर दीड बाटलीचा आहे आणि त्यात त्यांच्याबद्दल तक्रारही आहे. पण वस्तू काय आहे, ती रंगाऱ्याच्या उपयोगाची आहे का, हे सांगायलाच हवं, कारण यावर मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नाही.

वस्तू अशी: २० मिलिलिटरची काचेची बाटली, आत काजळ कालवल्यासारखं काळं पाणी. त्यात ५०० मिलिग्रॅम मॅग्नेटाइटचे नॅनोकण, म्हणजे लोखंडाचा तोच काळा ऑक्साइड ज्याला आपण लोहचुंबकाचा दगड म्हणतो, पण इतका बारीक की एका मिलिमीटरच्या रेषेत पन्नास हजार कण शेजारी शेजारी मावतील. कणावर सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच जातीचा पातळ लेप. लेपावर रसायनाचे हुक, आणि त्या हुकांना पक्कं बांधलेलं लॅकेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रसायनांची तोडजोड वेगानं करणारं प्रथिन. सोबत एक छोटी कुपी, तिच्यात ‘मीडिएटर’ (त्याचं पुढे सांगते). किंमत कुरिअर धरून साडेनऊ हजार. आमच्यासारख्या दुकानाला ही रक्कम लहान नाही.

लॅकेज म्हणजे काय, हे मला माझ्या भाचीनं सांगितलं. ती शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करते आणि ही सगळी गोष्ट तिच्याच डोक्यातली. १८८३ साली योशिदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाला लॅकरच्या झाडाच्या चिकात हे पहिल्यांदा सापडलं. जपानी लोक ज्या चिकानं लाकडी भांड्यांना चकाकी देतात, तो चीक हवेत सुकून घट्ट आणि काळा होतो तो याच एन्झाइममुळे. लॅकर, त्यावरून लॅकेज. पण बाजारात मिळणारं बहुतेक लॅकेज झाडाचं नसतं, बुरशीचं असतं. राधानगरीच्या रानात पावसाळ्यात पडलेल्या ओंडक्यावर थरांची, पंख्यासारखी छत्री उगवलेली दिसते ना, त्या कुळातली बुरशी. लाकडात लिग्निन नावाचा एक चिवट भाग असतो, सहजासहजी कुजत नाही. ही बुरशी लॅकेज आणि त्याची भावंडं बाहेर सोडून तो भाग फोडते. लिग्निनची घडण आणि आपल्या कापडी रंगांची घडण यांत बरंच साम्य आहे. दोन्हीकडे बेंझिनची कडी. म्हणून लाकूड कुजवणारी वस्तू रंगही तोडते. त्यासाठी तिला फक्त हवेतला ऑक्सिजन लागतो आणि त्या ऑक्सिजनचं शेवटी पाणी होतं. लॅकेजच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात, सगळं काम त्यांच्या जोरावर चालतं. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पिऊन वाढलेल्या आण्णांना हे ऐकून फार बरं वाटलं.

मग चुंबक कशाला? हे समजायला मला वेळ लागला. सुटं लॅकेज स्वस्त मिळतं, जीन्स धुणारे ते वापरतात. पण सुटं पाण्यात टाकलं की साखरेसारखं विरघळतं, काम करतं आणि पाण्याबरोबर गटारात जातं. दर वेळी नवं घ्यायचं. तेच एन्झाइम कशाला तरी बांधून ठेवलं तर काम झाल्यावर परत काढता येतं. बांधायची ही युक्ती जुनी आहे. १९१६ साली कोळशावर एन्झाइम बसवून दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की ते तसंही काम करतं. आता कोळशाच्या जागी चुंबकी कण आले, कारण कण जितका बारीक तितकी एन्झाइमला बसायला जागा जास्त. दहा नॅनोमीटरचे एक ग्रॅम कण घेतले तर त्यांचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरच्या पुढे जातो. चिमूटभर पावडरीत दोन बेडरूमचा फ्लॅट. एवढे बारीक कण कुठल्याच फडक्यातून गाळता येत नाहीत, आणि तिथं चुंबक कामाला येतं. शिरोलीच्या फाउंड्रीत वापरलेल्या वाळूतून लोखंडाचे कण चुंबकानं ओढून काढतात, तसंच.

आता तक्रार. पहिली बाटली आली ती मेलेली होती. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं, ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. आणि पाठवणाऱ्यानं ती थेट बर्फाच्या थैलीला चिकटवून बांधलेली. खोका उघडला तेव्हा बाटलीत बर्फाचा खडा होता. वितळल्यावर कण तळाशी गाळासारखे बसले. कितीही हलवलं तरी ढेकळं तशीच, चहाचा चोथा बसतो तशी. गोठताना पाण्याचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि एन्झाइमची घडी मोडते, ते पुन्हा जुळत नाही. मी फोटो पाठवले, तर पहिलं उत्तर आलं की तुम्हीच फ्रीझरमध्ये ठेवली असणार. कुरिअरचा माणूस दारात उभा असताना खोका उघडलेला फोटो माझ्याकडे होता म्हणून बरं. तीन आठवडे भांडल्यावर दुसरी बाटली आली, या वेळी मध्ये पुठ्ठा घालून. तुम्ही मागवलीत तर खोका कुरिअरवाल्यासमोर उघडा आणि बाटली हलवून बघा. काळं पाणी एकसारखं झालं पाहिजे, दाणा दिसता कामा नये.

पहिला प्रयोग निळ्यावर केला. सिल्कचे दोन दुपट्टे ॲसिड ब्लू नावाच्या रंगात रंगवलेले, त्यांचं उरलेलं पाणी. कोमट होईपर्यंत थांबले, एक लिटर काचेच्या बरणीत घेतलं आणि बाटलीतलं काळं पाणी ओतलं. बरणी काळीनिळी झाली, आत काही दिसेना. काचेच्या कांडीनं दर दहा मिनिटांनी ढवळत राहिले, कारण हवा मिसळायला हवी. दोन तासांनी बरणीच्या पोटाला चुंबक लावलं.

हे मी नीट सांगते, कारण मला यातलं सगळ्यांत जास्त हेच आवडलं. चुंबक उद्यमनगरातून आणलेलं, डब्याच्या झाकणाएवढं निओडायमियमचं, साडेतीनशे रुपयांना. बोटं सांभाळून धरावं लागतं. ते काचेला टेकवल्यावर पहिले दहा-पंधरा सेकंद काहीच झालं नाही. मग चुंबकाच्या कडेनं एक काळी रेघ उमटली. रेघ जाड होत गेली आणि बरणीच्या पलीकडच्या बाजूनं काळोख सरकायला लागला. गुळाच्या ढेपेकडे मुंग्या लागाव्यात तसे कण चारी बाजूंनी त्या काचेकडे. तीन-चार मिनिटांत सगळा काळा रंग चुंबकासमोर हाताच्या तळव्याएवढ्या डागात गोळा झाला आणि मागं उरलेल्या पाण्यातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. निळ्याचा मागमूस नाही, फिक्या चहासारखी एक पिवळट छटा तेवढी. चुंबक हातानं धरूनच पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं. मग चुंबक काढलं, थोडं स्वच्छ पाणी घातलं, हलवलं, आणि कण पुन्हा मोकळे, पुन्हा काळं पाणी. ते एकमेकांना चिकटून राहत नाहीत, कारण इतक्या बारीक कणांत चुंबक लांब गेलं की चुंबकत्व उरत नाही.

आण्णांनी शेड बघायची पांढरी बशी काढली. पन्नास वर्षं ते रंग त्याच बशीत बघत आलेत. दारात उजेडाला जाऊन दोन थेंब टाकले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, “अगं, ह्यात रंग नाही.”

भाची मात्र लगेच खूश झाली नाही. ती म्हणाली, “मावशी, रंग तुटला कशावरून? कणांना चिकटला असेल तर?” तिचं बरोबर होतं. असले लेप दिलेले कण रंग नुसता शोषूनही घेतात, आणि तसं असेल तर रंग तुटलेला नसतो, फक्त जागा बदललेली असते. म्हणून तिनं थोडे कण वेगळे काढून उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवले. उकळल्यावर एन्झाइम मरतं, कण तसेच राहतात. ते मेलेले कण तेवढ्याच निळ्या पाण्यात टाकले. पाणी फिकं झालं! पण थोडंच, निळं निळंच राहिलं. ते कण सोड्याच्या पाण्यात धुतले तर निळा रंग परत सुटला. जिवंत कण तसेच धुतले तर अगदी किंचित निळी झाक आली. म्हणजे थोडा रंग चिकटतो आणि बराचसा तुटतो. ही वस्तू विकणाऱ्यानं हा फरक स्वतःहून सांगायला हवा. माहितीपत्रकात एक ओळ नाही.

आता रोजच्या कामावर येते, म्हणजे सुती कापडावर. आमच्याकडे साठ टक्के काम सुती, आणि सुतीला रिॲक्टिव्ह रंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रिॲक्टिव्हमध्ये रंग कापडावर चढायला मीठ लागतं, लिटरला पन्नास-साठ ग्रॅम, आणि पक्का बसायला सोडा ॲश. पाण्याचा पीएच साडेदहा-अकरावर. आणि एवढं करून सगळा रंग बसत नाहीच. दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत, शेडप्रमाणे, पाण्यातच राहतो. गटारात दिसतो तो हा.

या पाण्यात बाटली टाकली आणि काहीही झालं नाही. दोन तास, चार तास, रात्रभर. आमचा कारागीर सकाळी बरणी बघून म्हणाला, “ताई, ह्ये तर कालच्यापरीस लालच दिसतंय की ओ.” लाल होता, लालच राहिला.

कारण शोधायला आठवडा गेला. एक तर पीएच. बुरशीचं लॅकेज आंबट पाण्यातलं आहे, चार-पाच पीएचला खूश असतं. अकराला ते बसून राहतं. म्हणून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, घालून पीएच पाचावर आणला. थोडी हालचाल झाली, फार नाही. दुसरं कारण मिठात निघालं. साध्या मिठातला क्लोराइड लॅकेजच्या तांब्याच्या अणूंपाशी जाऊन अडथळा करतो आणि त्याचं काम मंदावतं. लिटरला पन्नास ग्रॅम मीठ म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त खारट. त्यात हे एन्झाइम गुदमरतं. मग एक घाणा साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्टवर (सोडियम सल्फेटवर) काढला, त्यात क्लोराइड नसतो. पीएच पाचावर आणला. ब्रिलियंट ब्लू आर, जो रिॲक्टिव्हच असला तरी ॲसिड ब्लूच्याच घराण्यातला आहे, तो पाच तासांत गेला. लाल आणि केशरी अर्धवट. काळा, म्हणजे ब्लॅक फाइव्ह, हलला नाही. तेव्हा ती छोटी कुपी उघडली. मीडिएटर म्हणजे मधला माणूस. एन्झाइम मोठं, रंगाच्या रेणूच्या कोपऱ्यात शिरू शकत नाही. मग ते या लहान रेणूला पेटवतं आणि तो जाऊन रंगाला तोडतो. कुपीतले दहा थेंब टाकल्यावर काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा गढूळ पिवळा. पण कण परत येतात, मीडिएटर परत येत नाही, पाण्याबरोबर जातो. एक रसायन काढायला दुसरं रसायन नदीत सोडायचं, हे मला पटलं नाही. कुपी मी परत वापरली नाही.

ही मिठाची गोष्ट लेबलवर ठळक अक्षरात हवी. ‘वस्त्रोद्योगातील सांडपाण्यासाठी’ असं छापलंय. कोल्हापूर जिल्ह्यात वस्त्रोद्योग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर इचलकरंजी येते, आणि तिथं सूत रंगतं मिठातच. कुणी हे वाचून विकत घेतलं तर त्याचे पैसे पाण्यात जातील.

आणि तरीही मी ही बाटली वाईट आहे असं म्हणणार नाही, कारण मला तिचं खरं ठिकाण सापडलं. सिल्क. सिल्क आणि लोकरीला ॲसिड रंग लागतात, आणि ते पाणी आम्ही मुळातच ॲसेटिक घालून आंबट करतो, पीएच चार-साडेचार. मीठ जवळपास नाही. म्हणजे लॅकेजला जसं पाणी लागतं तसं पाणी आमच्या सिल्कच्या पातेल्यात आयतं तयार असतं. फक्त ऐंशी-नव्वद अंशांवरून गार करायचं. पहिल्या दिवशी निळा दोन तासांत गेला तो बाटलीच्या कौतुकामुळे नव्हे. नशिबानं मी सिल्कचं पाणी घेतलं होतं. हिरवा आणि जांभळा, जे निळ्याच्या जवळचे आहेत, तेही छान जातात. पिवळा हळू जातो. लालांत एक गेला, एक राहिला.

किती वेळा वापरता येते? माझ्या वहीत आज बारा फेऱ्या आहेत, सगळ्या एक-एक लिटरच्या, सिल्कच्या पाण्याच्या. पहिल्या पाच फेऱ्या दोन-अडीच तासांत उरकल्या. सहावीपासून वेळ वाढत गेला. दहाव्या फेरीला रात्रभर ठेवावं लागलं. बाराव्या फेरीनंतर सकाळी बशीत फिकट निळा दिसत होता. काही एन्झाइम सुटून जात असणार, काही दमत असणार, आणि प्रत्येक वेळी पाणी ओतताना थोडे कण जातातच. साडेनऊ हजार भागिले बारा लिटर. हिशेब करून बघा. दुकानाच्या दोनशे लिटरला हे परवडणारं नाही, आज तरी नाही.

बरणीतलं दुकानाच्या पिंपात नेता येईल का, हेही करून बघितलं, कारण नुसतं महाग म्हणून सोडून द्यायचं नव्हतं. पन्नास लिटरच्या पिंपाला बाहेरून चुंबक लावून काही होत नाही. चुंबकाची ओढ चार बोटांवर गेली की संपते आणि मधल्या कणांना पत्ताही लागत नाही. भाचीनं सांगितलं की चिनीमातीच्या कारखान्यांत लोखंडाचा अंश काढायला पोलादी लोकरीतून माती कालवलेलं पाणी सोडतात, बाहेरून मोठं चुंबक. तारेच्या प्रत्येक धारेवर छोटं छोटं चुंबक तयार होतं आणि कण तिथंच अडकतात. आम्ही भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या दोन घासण्या घेतल्या. सगळ्या चालत नाहीत, चुंबकाला चिकटते तीच घ्यायची. त्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात कोंबल्या, बाहेरून समोरासमोर दोन चुंबकं बांधली आणि पाणी हळूहळू सोडलं. खालून स्वच्छ पाणी पडलं! चुंबकं काढून घासण्या हलवल्या तर काळे कण परत. बरणीपेक्षा हे कितीतरी सोपं आहे आणि एवढा जुगाड कोणीही करू शकेल.

पण एक गोष्ट मला सलते. खालून पडलेलं ते स्वच्छ पाणी मी फेट्याच्या पांढऱ्या मलमलीवरून तीन वेळा सोडलं. मलमल वाळल्यावर तिच्यावर राखेसारखी करडी झाक होती. म्हणजे काही कण घासणीतूनही निसटतात. लोखंडाचा ऑक्साइड तसा गरीब, मातीत आहेच. पण त्यावर बसवलेलं बाकीचं सगळं धरून तो नदीत जावा, असं मला वाटत नाही. पाण्याला दुसऱ्यांदा घासणी दाखवली तर झाक जवळजवळ गेली. म्हणून आता दोनदा सोडते.

रंग गेला म्हणजे विष गेलं का? हा प्रश्न मला आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना विचारावासा वाटतो. आम्ही पूर्वी ब्लीचिंग पावडर टाकायचो. पाणी पांढरं व्हायचं, डोळ्यांना बरं वाटायचं, पण क्लोरीन त्या तुकड्यांना चिकटून नवी रसायनं तयार होतात आणि ती मूळ रंगापेक्षा वाईट असू शकतात. तुरटीनं रंग खाली बसतो, मग तो गाळ कुठं टाकायचा? कोंडाळ्यातच. लॅकेजनं गाळ जवळपास होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तुटलेले तुकडे पाण्यातच असतात. आम्ही घरगुती परीक्षा केली. तीन वाट्यांत वीस-वीस मेथीचे दाणे, कापसावर. एका वाटीला नळाचं पाणी, एकीला रंगाचं, एकीला लॅकेज केलेलं, शेवटच्या दोन्हींचा पीएच सोड्यानं सातावर आणून. चौथ्या दिवशी नळाच्या पाण्यात अठरा मोड, रंगाच्या पाण्यात सात, आणि तेही आखूड, टोकाला काळपट. लॅकेजच्या पाण्यात पंधरा, मुळं नळाच्या वाटीपेक्षा थोडी आखूड पण पांढरीशुभ्र. वीस दाण्यांवरून शास्त्र होत नाही, मला माहीत आहे. आईनं ती तिसरी वाटी खिडकीत ठेवली आणि रोज पाणी घातलं.

घ्यावी का? सुती रंगवणाऱ्यांनी नाही, निदान मिठाला न दबणारं लॅकेज कुणी आणेपर्यंत नाही. कॉलेजांनी जरूर घ्यावी. बारावीच्या मुलांना एन्झाइम, चुंबकत्व आणि सांडपाणी एकाच बरणीत दाखवणारी दुसरी वस्तू माझ्या बघण्यात नाही. सिल्कचं काम करणाऱ्या छोट्या दुकानांनी दोघा-तिघांत मिळून एक घ्यावी आणि पातेल्याच्या पहिल्या पाण्यालाच लावावी. रंग दाट तिथंच असतो, पुढच्या खळाळ्याच्या पाण्याला तिची गरज नाही. ठेवताना फ्रीजच्या दारात ठेवा, मागच्या भिंतीला नको, तिथं गोठते. आमच्याकडे ती स्टीलच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात ‘औषध नाही, खायचं नाही’ लिहून आहे.

किंमत उतरेल असं मला मनापासून वाटतं, कारण यातला चुंबकी कण महाग नाही. भाचीनं प्रॅक्टिकलला तो स्वतः केलाय. लोखंडाचे दोन क्षार एकास दोन प्रमाणात, त्यात अमोनिया. थेंब पडल्याबरोबर तांबूस पाणी काळं होतं म्हणाली. महाग आहे ते एन्झाइम आणि ते बांधायची मेहनत. पुढच्या महिन्यात ती दमलेल्या कणांवर नवं लॅकेज चढवून बघणार आहे. तेव्हा मी इथंच तेराव्या फेरीचं लिहीन. गौरीगणपतीच्या आधी सिल्कच्या चाळीस साड्यांचं काम आलंय, त्यातल्या बावीस निळ्या-जांभळ्या. त्यांचं पाणी मी दोन पिंपांत साठवून ठेवणार आहे.